एकतिसावं पान

सप्टेंबरात चित्रकलेच्या वह्या वाटताना
त्रेगेन्झाबाई एवढंच म्हणाल्या:
ही पक्की वही नाही.
कच्चीही नाही.
मग कुठली, ते जूनपर्यंत कळेल.

मी पहिल्या पानावर नाव घातलं, लोवेना पास्को,
वळणदार, प्रत्येक अक्षराला सावली देऊन,
आणि दोन आठवडे दुसरं पान उघडलंच नाही.
इतकी कोरी वही कशाला बिघडवा.

मग बाईंनी त्या नावावर चहाचा कप ठेवला.
मुद्दाम की चुकून, अजून सांगत नाहीत.
त्या तपकिरी गोलात मी ट्रॉलरची खिडकी काढली
आणि वही सुरू झाली.

न्यूलिनच्या धक्क्यावरून एक बांगडा आणला.
सोमवारी तो निळा होता, पाठीवर हिरव्या लाटा.
मंगळवारी राखाडी.
बुधवारी डोळा आत गेला,
आईने मासा खिडकीबाहेर भिरकावला
आणि एका कुरव पक्ष्याने माझा अभ्यास गिळला.
पुढच्या पानावर मी लिहिलं: गुरुवार. रिकामी ताटली. वास.
बाजूला बाईंची पेन्सिल: हे चांगलं.

तारीख घाल, म्हणतात त्या.
कागद कुठला, पाणी जास्त झालं का,
हा निळा का, तो का नाही.
फक्त ‘सुंदर’ लिहू नकोस,
त्यातून मला काही दिसत नाही.

जानेवारीत बाबांचा हात काढला.
जाळं सांधता सांधता थांबलेला,
दोराने चिरलेली तर्जनी,
अंगठ्याचं अर्धं नख कुठल्याशा विंचमध्ये राहिलेलं.
माझ्या पानावर त्याची केळी झाली. फणीच अख्खी.
हात दाखवून अवलक्षण!
टर्रकन फाडलं.

मार्चमध्ये बाई पानं उलटत होत्या.
तीस.
बत्तीस.
शिवणीत अडकलेली कागदाची चिंधी
त्यांनी नखाने हलकेच वर काढली
आणि पुढे गेल्या.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन महिन्यांपूर्वीचा कचरा कुठे शोधायचा?
सापडलं ते बाबांच्या पिवळ्या रेनकोटच्या खिशात,
चौघडी घातलेलं, मिठाने ताठरलेलं.
पाठीवर त्यांचं अक्षर:
भरती चार अठ्ठावीस. ओहोटी दहा एक्केचाळीस.
डिझेल. सुतळी.
लोवेनाचे रंग, पांढरा मोठा.

‘एक बाजू कोरी होती,’ ते म्हणाले, ‘टाकतात का असा कागद?’
मग उलटून पाहिलं. बराच वेळ.
टेबलावर चित्राशेजारी स्वतःचा हात ठेवला,
तसाच, अर्धवट मिटलेला.
‘अंगठा बरोबर आहे.’

पान परत चिकटवलं, एकाच कडेने, बिजागरीसारखं.
इकडे केळी, उलटलं की भरती.
खाली तारखा दोन:
फाडल्याची, सापडल्याची.
आणि तीनदा खोडून एक ओळ:
अंगठा बरोबर आहे, असं ज्याचा अंगठा तो म्हणतो.
खाडाखोड तशीच ठेवली.

आता जून. वही मिटत नाही,
वाळू, खवले, चहा आणि डिंक खाऊन फुगली आहे.
रबरबँड तुटला, तेव्हा बाबांनी जाळ्याच्या दोऱ्याने बांधून दिली.
गाठ अशी, की एक टोक ओढलं तर सुटते,
दुसरं ओढलं तर आणखी आवळते.

तपासनिसांसाठी कुठलं टोक ते
मी लिहिलंय.
आतल्या पानावर.