रकाना सातवा

रुवैसला जानेवारीत धुकं उतरतं तेव्हा
फ्लेअरची ज्योतही नुसता तांबूस डाग होते.
क्रेन थांबते, परमिटवर कुणी सही करत नाही.
अशा सकाळी पोर्टाकॅबिनमध्ये
मी शटडाउनच्या माणसांचे फॉर्म भरत होतो.
मी हिलाल दगा बागूल, तालुका शिंदखेडा.
उजवं बोट फ्लँजमध्ये गेलं तेव्हापासून कारकून.
गेटवरचा सुदानी माझं नाव वाचून
रमजानच्या शुभेच्छा देतो. मी घेतो.

नवा सुपरवायझर सँडी क्रुकशँक.
पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "फिट लाइक?"
म्हटलं, फिट सर, गॅस्केट रात्रीच बसली,
बाराही बोल्ट तपासले.
तो इतका हसला की चहा मिशीतून परत कपात गेला.
त्याच्या गावी 'कसा आहेस'ला असं म्हणतात.

त्याच्या फॉर्मवर, राष्ट्रीयत्वापुढे, मी लिहिलं: स्कॉच.
त्याने पेन मागून घेतलं,
एकच रेघ मारली, रागाची नव्हे.
"बाटली स्कॉच. रस्सा स्कॉच.
चिकटपट्टी, तुमची भांडी घासायची हिरवी घासणी, तीही असेल.
माणूस नाही.
माणूस स्कॉट.
पाऊस, पासपोर्टावरचा रुसवा, फुटबॉलमधली हार, ते स्कॉटिश."
मग सातव्या रकान्यात, भाषा,
इंग्रजीनंतर स्वल्पविराम देऊन त्याने लिहिलं: स्कॉट्स.

म्हटलं, सर, हे अनेकवचन झालं.
एक स्कॉट, दोन स्कॉट्स. तुम्ही तर एकटेच.
"तेही खरं," तो म्हणाला,
"कायद्याला लागतं, एका पाइनच्या झाडाला लागतं,
पण इथे
बकीच्या धक्क्यावर हेरिंग चिरताना
माझी आई जे बोलायची, ते."

म्हणजे इंग्रजीच ना, मोडकी?

एसीचा आवाज तेवढा राहिला.
"शाळेत असंच सांगायचे.
चामड्याच्या पट्ट्याने."

मला देवरे मास्तर आठवले.
त्यांनी कधी मारलं नाही.
फक्त माझं वाक्य वर्गापुढे पुन्हा म्हणून दाखवलं,
"माय घर शे",
आणि वर्ग हसला. हसणारे सगळे 'शे'वालेच.
फळ्यावर लिहिलं: शे नव्हे, आहे.
मी दहा वेळा उतरवून काढलं,
आहे आहे आहे,
आणि घरी जाऊन मायला विचारलं, भाकर शे का?

सँडीला सांगितलं. आहिराणी हा शब्द
या कॅबिनमध्ये मी पहिल्यांदाच मोठ्याने काढला.
मुलाला काय म्हणता? आंडोर.
तो म्हणाला, आमच्याकडे लून.
मुलगी? आंडेर. क्वाइन.
ठाऊक नाही? डिना केन.
माले माहीत नई.
काचेबाहेर बोट दाखवून म्हणाला, ड्रीख,
हे असलं, ओलं, राखाडी, संपता न संपणारं.
मी खूप शोधलं. आमच्याकडे त्याला शब्द नाही.
इतकं ओलं आमच्याकडे टिकतच नाही.

संगणकातल्या यादीत अरबी होती, तगालोग होती,
मल्याळम, पश्तू, मराठी होती.
मराठी मी अकरा वर्षं निवडत आलो,
खोटं नव्हतं ते,
पुरतंही नव्हतं.
त्याच्यापुढे 'इतर' दाबलं.
मग स्वतःचं पान उघडलं.

पावणेदहाला भोंगा झाला, क्रेन दिसायला लागली,
तो हेल्मेट घालून गेला. फॉर्म अर्धेच राहिले.

एप्रिलमध्ये त्याचं काम संपलं.
मे महिन्यात अबू धाबीहून मारिविकचा फोन:
रुवैसला दोघांची भाषा 'इतर' दिसते,
ऑडिट आहे, नीट नावं सांग, स्पेलिंगसकट.
एक तर गेला, म्हटलं.
तरी सांग.

माझं आधी सांगितलं, अक्षर अक्षर सुटं करून.
मग त्याचं.
शेवटी एस लागतो, म्हटलं,
पण ते अनेकवचन नाही.