आज विक्री नाही

ऋजुतानं साठीला दिलेली वही
आठ महिने कपाटातच आहे.
तीनशे जीएसएम, कापसाचा कागद,
दवाखान्याच्या चादरीसारखा पांढराफेक.
त्यावर पेन्सिल टेकवायची
तर आधी हातपाय धुऊन यावंसं वाटतं.

म्हणून बुधवारी जुन्या बाजारात गेले.
नळाच्या तोट्या, एकाच पायाचा स्केट,
रिमोटांचा ढीग, टीव्ही मात्र एकही नाही,
आणि त्याखाली ही खतावणी.
लाल कापडी पाठ, एक कोपरा उंदरानं वाचून संपवलेला.
नाना पेठेतली कुठलीशी कोळशाची वखार,
साल अडुसष्ट.
"काय करणार हिचं?"
"चित्रं काढणार."
त्यानं मला पाहिलं, वहीला पाहिलं,
आणि वीस म्हणता म्हणता चाळीस म्हणाला.

दिले.

तेव्हापासून सगळंच चिकटवण्याजोगं दिसतंय.
पीएमटीचं तिकीट, घामानं अर्धं पुसलेलं.
अंबादास टेलरच्या मशीनखालचा इरकली त्रिकोण,
कुणाच्या तरी काखेतून उरलेला.
बोहरी आळीतला झिरो नंबरचा पॉलिश पेपर,
त्यावर पिवळा खडू घासला
की सहा वाजताची पर्वती आपोआप उमटते,
मी काही करावं लागत नाही.
मैद्याची खळ, चिमूटभर मोरचूद घालून,
वडील पतंगांसाठी करायचे तशी.
कांद्याच्या सालींचं पाणी. भिंतीचा उरलेला डिस्टेंपर.
शेजारच्या कुमुदिनी दाराशी उभ्या राहून म्हणाल्या,
"रद्दीवाला नेतच होता की हे, त्याला का अडवलंत?"

पांढरा हात पातळ मारायचा,
म्हणजे खालचे हिशेब बुडत नाहीत.
शेख ड्रायव्हर, दोन पोती, उधार.
खानावळ, शुक्रवार पेठ, सात पोती.
हमाली आठ आणे.
माझ्या ढगांतून "उधार" दिसत राहतं,
माझ्या झाडाच्या बुंध्यात कुणाची तरी हमाली.
अक्षर सरळ, शाई सारखी,
एकही आकडा खोडलेला नाही.
मीही एकतीस वर्षं एलआयसीत आकडेच लिहिले,
मला कळतं हे किती कंटाळ्याचं कौशल्य आहे.

पान पंचावन्न.
तारीख अकरा जुलै.
आज विक्री नाही.

आणि त्याखाली, आख्ख्या पानभर,
कोळशानं काढलेलं
एक झोपलेलं कुत्रं.
पाठीची रेघ एका दमात आलेली,
शेपटी जमाखर्चाची उभी ओळ ओलांडून
सरळ नावे बाजूला गेलेली.
फक्त कान जमत नव्हता.
चौपन्न पानांत एक आकडा न खोडणाऱ्या माणसानं
कान तीनदा खोडलाय.
मग कंटाळून, की समाधानानं,
कोपऱ्यात अंगठा टेकलाय.

माझा ब्रश डिस्टेंपरमध्ये बुडवलेला होता.
एक थेंब टेबलावर पडला, पानावर नाही.
डब्याला झाकण लावलं.
बोट फिरवून पाहिलं कुत्र्याच्या पाठीवरून,
पाहायला नको होतं,
इतक्या वर्षांनी अजून काळं लागतं.
वर बटर पेपर ठेवला
आणि खतावणी मिटली.

तसाच हात कपाटाला गेला.
तीनशे जीएसएमच्या पहिल्या पानावर, उजवीकडे खाली,
काळं बोट उमटलं.
बरं झालं. सुटले.

तारीख घातली.
लिहिलं: आज विक्री नाही.
मग घरात झोपलेलं काय आहे ते शोधलं.
दिवाणावर हे होते,
पोटावर शब्दकोड्याचं पान, चष्मा कपाळावर,
तोंड थोडंसं उघडं.

पाठ पटकन आली.
कान खरंच अवघड आहे.
दोनदा खोडलाय.