उजेडाकडं धरून

गोटी सोडा प्यायची एक रीत असते.
बाटली तिरकी करायची खाचेच्या अंगानं,
म्हणजे गोटी तिथं अडकून बसते
आणि वाट मोकळी होते.
नवखा गडी सरळ उलटी करतो,
गोटी येते तोंडाशी,
आणि तो नुसताच चोखत बसतो.
आम्ही बाया हौदाकाठी बसून हसायचो.

गंगावेशीत तालमीमागं पत्र्याचं शेड.
नेमगोंडा चौगुल्यांचं. आम्ही आण्णा म्हणायचो.
उद्यमनगरात रसूल शिकलगारांनी
भंगाराचं बीड ओतून मशीन करून दिलं,
हातानं फिरवायचा दांडा,
एका फेरीला सहा बाटल्या.
जाळीचा मुखवटा एक आणि माणसं तीन,
तेव्हा ज्याची पाळी त्याचं तोंड शाबूत.
पांडबाच्या भुवईत अजून काच आहे म्हणतात.
थंडीत दुखते.

मी धुवायची.
बाटलीत छर्रे घालायचे, पाणी घालायचं,
खळखळा हलवायची,
आणि मग उजेडाकडं धरायची.
एक केस दिसला तर परत हौदात.
आण्णांनी हिशेब कधी चुकवला नाही,
केस दिसलेला कधी सोडलाही नाही.

साखर मिळेना झाली त्या साली
आण्णा म्हणाले, गूळ घालू, आलं घालू.
घातलं.
रंग पंचगंगेच्या पुराचा,
बुडाशी बोटभर गाळ.
चार दिवस तसंच ओतून दिलं गटारीत,
मुंग्यांची चैन झाली.
मी बावड्याची, गुऱ्हाळावर वाढलेली.
कोपरापर्यंत फेस होता हाताला, तसंच बोलले,
"आण्णा, रानभेंडी ठेचून टाका की काहिलीत.
मळी आपसूक वर येती."
कुणी काही बोललं नाही.
दुसऱ्या दिवशी दारात भेंडीच्या दांड्यांचा भारा पडलेला.

त्या उन्हाळ्यात खासबागेत मैदान होतं.
जिंकलेल्या पैलवानानं पाच प्यायल्या,
हरलेल्यानं सात.
तिथनं पुढं काय, पाय थांबलेच नाहीत.
सायकलीची हातगाडी झाली, हातगाडीची मेटॅडोर,
निपाणी, बेळगाव, पार पणजीपर्यंत खोकी.
गोकुळ शिरगावात कारखाना, पांढरे कोट, टोप्या,
आणि हौदाच्या जागी एक मशीन,
जे केस दिसला तर हसत नाही.

आण्णांचा नातू शीतल परदेशात शिकून आला.
भला पोरगा. वाकून नमस्कार करायचा.
त्यानं सांगितलं, काचेचं वजन जहाजाला परवडत नाही.
गोटीच्या बाटल्या किलोवर गेल्या भंगारात.
मी एक पदराखाली आणली.
चोरीच म्हणा.

आता दुबई म्हणतात, मस्कत म्हणतात,
कुठं कुठं म्हणतात, मला नावं येत नाहीत.
तेजल रॉटरडॅमला असते, माझ्या लेकीची लेक.
काल रात्री फोनवर तोंड दाखवलंन,
हातात डबा.
"आजी, हे तुमच्या शेडातलं!"
डब्यावर गोटीचं चित्र. आत गोटी नाही.
मागं बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं,
तिनं वाचून दाखवलं:
एका माणसाचं स्वप्न, एक जुनं गुपित.
"कसलं गुपित गं आजी?"
मी म्हटलं, "भेंडी."
पोरगी हसून हसून बेजार.
तिला वाटलं मी चेष्टा करते.

मग उघडला तिनं.
फिस्स झालं नुसतं.
टचाक नाही, काचेवर गोटी आपटल्याचं काही नाही.
घोट घेतला, डोळे मिटले,
म्हणाली, गोड आहे, घशाला झोंबतंय, छान आहे.
माझ्या तोंडून सवयीनं गेलं,
"मळी नाही ना राहिली? उजेडाकडं धर बघू."
तिनं धरला.
तिकडं दिवस होता अजून, खिडकीत ऊन होतं.
"आजी," ती म्हणाली,
"डबा आहे हा. पलीकडचं दिसत नाही."
तरी धरूनच राहिली थोडा वेळ,
मी बघत होते म्हणून.