उलट बाजू

सातपूरच्या शेडमध्ये गोल सुयांचं मशीन
दर चार मिनिटांनी एक नळी ओकतं:
बोटांकडे उघडी, टाच जेमतेम,
काळी, गरम.
मी ती आधी उलटी करते.
दुकानदार सुलट बाजू बघतो,
नवरदेवाचा मामाही तीच बघतो;
पाय मात्र जन्मभर
उलट बाजूलाच राहतो.

कारभारी पगार, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर
वाढप्यांचे मुकादम.
काळा कोट, काळी पँट, काळे बूट,
संध्याकाळी सहा ते बारा उभं राहणं,
पोटरीवर रबराने उमटवलेलं कडं,
आणि बोटांच्या बेचक्यांतली कातडी अशी
की ओल्या कागदासारखी सुटते.
तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात.
त्यांची जात नाही. खालीच राहते,
वर मस्तक म्हणत असतं,
या, बसा, आमरस घ्या अजून.

पहिला नमुना निव्वळ सुती.
सूत पाणी पितं, पण सोडत नाही;
नऊ वाजता पायांत दोन भिजलेली फडकी.
दुसरा बांबूच्या धाग्याचा, गालाला लावावा असा,
आठ धुण्यांत टाचेशी विरला.
तिसऱ्यात नायलॉन वाढवलं.
त्याबद्दल न बोललेलं बरं.

जुबेर अन्सारी मालेगावला मागांच्या खडखडाटात वाढला,
शांत खोलीतही ओरडूनच बोलतो:
"मॅडम, धागा बदलून काय होणार,
पाणी जाणार कुठे ते ठरवा!"

बाकावर बूट काढून बसलेल्या पगारांनी
तेव्हा मोसमकाठच्या फडाचं सांगितलं.
पाटकरी रात्री कंदील घेऊन फिरायचा,
पाणी कुणाच्या वावरात मुक्कामाला राहू द्यायचा नाही.
प्यायचं तेवढं प्यायचं,
उरलेलं पुढच्या वाफ्याला,
जास्तीचं सांडव्याला.
"घामालाही तसंच हाकला की."

त्या रात्री मी तळव्याचा नकाशा काढला.
कातडीला लागून असा धागा
जो स्वतः काही पीत नाही, ओल नुसती पलीकडे देतो;
बाहेर सूत, तहानलेलं;
मधे उभे पाट, टाचेपासून चवड्यापर्यंत,
आणि घोट्यामागे जाळीचा सांडवा.
राहिली बोटांवरची शिवण,
करंगळीशी तांदळाच्या कणीएवढी गाठ.
ती जुबेरने काढली,
डोळ्याला भिंग लावून, टाक्यात टाका अडकवत,
एका मोज्याला अकरा मिनिटं.
मालकांनी अकराला हजारांनी गुणलं
आणि चहा न पिता गेले.

पगारांचा तक्ता भरून आला.
ओल: रिकामं. वळ: रिकामं. खाज: रिकामं.
तळाशी पेन्सिलीने:
काळा जरा विटका वाटतो, मॅनेजर बोलतील.

रंग मीच कमी केला होता.
गडद काळाच तर त्यांना चावायचा.
मग आतला धागा रंगात बुडवलाच नाही,
कोरा ठेवला, पायापुरता.
काळा फक्त बाहेरच्या सुताला,
लोकांपुरता.

काल मी आमंत्रण नसताना त्या लॉन्सवर गेले.
कुणाचं लग्न होतं, ठाऊक नाही,
मी घोटे बघत होते.
जिलबीच्या टेबलाशी पगार.
मला पाहून त्यांनी पँट
डावीकडून दोन बोटं वर उचलली.
काळा. मॅनेजरलाही पटेल असा.
मग उजवीकडून.
तिथे जुनाच मोजा, घामाने लोळागोळा झालेला.
"फरक कळायला नको?" म्हणाले,
आणि सगळा भार डाव्या पायावर टाकून
वाढप्यांना हाका मारू लागले.