सामायिक फाईल

खानापूर, बसस्टँडमागची गल्ली, दुपारचे अडीच.
लाईट आत्ता आली म्हणजे साडेचारला जाणार.
तेवढ्यात ठरवायचं आहे.

सी ड्राईव्हची पट्टी लाल झाली आहे.
बुधवारपासून लग्नपत्रिका सेव्ह होईनात.
इराण्णा हुक्केरी बेळगावहून आलाय,
वरच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर, गालात पान.
म्हणाला, "नलिनीबाई, ह्या मशीनमधे
एक घर आहे बघा, भाडेकरू गेलेलं.
भांडी तेवढी ठेवून गेलाय."

जुनं टायपिंगचं सॉफ्टवेअर.
मीच काढून टाकलं होतं, दहा-बारा वर्षं झाली.
त्याची काळी चावी, मागच्या पोर्टला लावायची,
अजून ड्रॉवरमधे, स्टेपलरच्या पिनांत पडून आहे.
पोर्टच नाही आता.

चारशे तेरा फायली.
एक मदतीची, जी कधी कुणाला मदत करू शकली नाही.
एक पुण्याचा फोन नंबर, सहा आकडी.
नमुन्याचे गणपती एकोणीस, कलश सात,
आणि एक शब्दांची यादी.

ती सुमित्रा बिर्जेची.
माझ्याआधी ह्याच खुर्चीवर बसायची, पाय मुडपून.
पुण्याच्या सॉफ्टवेअरला गर्लगुंजी माहीत नव्हतं,
कणकुंबी माहीत नव्हतं.
शट्टुप्पा लिहिलं की खाली लाल रेघ.
भरमाण्णा, लाल रेघ.
लक्कव्वा, लाल रेघ, वर सूचना: *लकवा?*
सुमित्रा एकेक नाव यादीत घालायची,
"हे बरोबर आहे" असं मशीनला सांगत,
कधी मोठ्यानं, गिऱ्हाईक समोर असताना.
नंतर लग्न होऊन ती गडहिंग्लजला गेली.
यादी इथंच राहिली.
आज उघडली तर नुसत्या खुणा,
उलट्या, तिरक्या, मुंग्या सांडल्यासारख्या.
ते वाचणारा फाँटही त्याच घरात झोपलाय.

मी सगळं निवडलं. डिलीट दाबलं.
अर्ध्यात थांबून मशीननं विचारलं:
*ही फाईल सामायिक आहे.
दुसरं कुणी वापरत असेल. तरी काढू?*

सामायिक.
हा शब्द मी उताऱ्यावर वाचलेला.
जांबोटीला आमच्या चुलत्यांची विहीर तशी आहे.
पाणी कोण काढतं विचारलं तर कुणीच नाही,
बुजवू का म्हटलं तर सगळे हजर.

"बेकु असेल तर बेकु म्हणा," इराण्णा म्हणाला,
"ब्याड तर ब्याड. मधलं बटण नसतं."
असतं की. रद्द करा.
पण आधी मी त्या फाईलचं नाव नुसतं बदललं,
शेवटी एक फुली मारली
आणि उद्या छापायची पत्रिका उघडली,
कन्नड, बारशाची, बिडीच्या लोकांची.

आजीच्या नावातले ओत्तक्षर गळून पडले होते.
मल्लव्वाचं मलव झालं होतं.
अक्षरांखाली लोंबणारं सगळं
कुणी झाडून नेल्यासारखं.

इराण्णानं पान थुंकायला बाहेर जाऊन
परत येईपर्यंत काही बोलला नाही.
मग, "कन्नडचं सॉफ्टवेअर कुणी घातलं होतं?"
सुमित्रानंच. एकाच दिवशी दोन्ही, एकाच सीडीच्या पाकिटातनं.
"इरली बिडी," म्हणाला. राहू दे.

मी फुली काढली. मल्लव्वा परत आली.
गणपती काढले, कलश काढले,
पुण्याचा फोन नंबर काढला,
तो मात्र आधी उगीच एकदा वाचून.
अकरा एमबी मोकळी झाली.
दोन पत्रिका बसतील, फोटो नसला तर.

उरलं ते एका फोल्डरमधे घातलं,
नाव दिलं, *नंतर*.
मशीन म्हणालं, ह्या नावाचं आधीच आहे.
बघितलं, तारीख माझ्या आधीची.
आत काय आहे ते बघणार होते,
तेवढ्यात पंखा हळू झाला.
चार वाजून दहा मिनिटं.
आज लवकर.