तिसरी बादली

आमच्याकडे द्राक्षारस लाकडात नाही, मातीत झोपतो.
काखेतीत परसापरसात गळ्यापर्यंत पुरलेले रांजण,
आत माणूस उभा राहील एवढे.
बापाचा सर्वांत मोठा.
तो गेल्यापासून कुणी उघडला नव्हता.

मी सात वर्षं बाहेर.
सगळा हिशेब देत नाही, थोडाच सांगतो:
अक्रोडाखालची गाय विकली, मग अक्रोडही.
बहिणीच्या लग्नातले चांदीने मढवलेले शिंगांचे पेले
तिबिलिसीच्या एका दुकानात ठेवले, पावती फाडली.
बापाला माती दिली त्या दिवशी
रुस्तावीत कुणाच्या तरी जिन्याखाली पडलो होतो.

परतलो तेव्हा दाराला कडी नव्हती.
टेबलावर घेवडा, तंदुरातली लांब भाकर.
"गार होईल," आई म्हणाली,
जणू मी मीठ आणायला गेलो होतो.

मला राग आला. खरं सांगतो.
शिव्या दिल्या असत्या तर मोजून घेतल्या असत्या,
फिटलं म्हटलं असतं.
हे कसं फेडायचं, जे मागतच नाही?

मग सवय झाली. तेही सांगायला हवं.
क्षमा उशाला घेऊन दुपारपर्यंत लोळायचो.
देव प्रेमळ, आई प्रेमळ,
मला कसली घाई?

एकदा शिओ पाद्र्यांकडे गेलो.
वाटलं, शंभर दंडवत सांगतील, घालू, सुटू.
ते कांद्याची रोपं लावत होते.
मान वर न करता सगळं ऐकलं.
म्हणाले, "ओतिआ, आळशाच्या वेलावर
ऊन कमी पडलेलं मी तरी पाहिलं नाही."
पुढची सरी ओढली.
"तुमचा रांजण कुणी धुतला का रे, अ‍ॅम्ब्रोसी गेल्यापासून?"

आईने आधी दोरीने मेणबत्ती सोडली.
विझली नाही. मग मी उतरलो.
बापाचा शेवटचा मोसम भिंतींना चिकटून काळा पडलेला,
आंबट, कुजका, हट्टी.
चेरीच्या सालीचा कुंचा, चुन्याचं पाणी,
आणि स्वतःचा श्वास गोल फिरून स्वतःच्याच कानात.
वर रांजणाच्या तोंडाएवढं आकाश,
त्यात आईचा रुमाल बांधलेला चेहरा.
थोड्या थोड्या वेळाने ती हाक मारायची: ओतिआ.
काम सांगायला नाही;
आतली हवा माणसाला गुपचूप झोपवते, म्हणून.
मी हो म्हणायचो.
ती उतरली असती, मला ठाऊक आहे,
त्या गुडघ्यांनीसुद्धा.
पण आत दोघांना जागाच नाही.

धुतल्याची आमच्यात खूण एकच:
शेवटचं पाणी पिऊन बघायचं.

पहिली बादली काळी. डाळिंबाच्या मुळाशी गेली.
दुसरी तांबूस.
तिसरी वर गेली, आणि ओतल्याचा आवाज आला नाही.
मान वर केली.
तिने ओंजळ भरली होती.
त्या पाण्यात काय काय होतं
मला माहीत, मीच खरवडलेलं.
ओंजळ ओठांपाशी नेत होती,
उपास सोडावा इतकी सहज.
"चांगलं आहे," म्हणाली. प्यायच्या आधीच.

तेव्हा मला देव कळला असं म्हणणार नाही.
एवढंच कळलं: ही पिणार.
हे असंच, आहे तसं पिणार,
तोंड वाकडं न करता,
आणि उद्याही पिणार.

"आई, थांब!"
रांजणभर घुमलं.
"अजून नाही. ओत ते."

तिने ओतलं.
रिकामी बादली खाली आली,
तिच्यात नवी मेणबत्ती.
मी कुंचा उचलला,
बुडाशी, जिथे वाकल्याशिवाय हात पोचत नाही,
तिथून पुन्हा.

वरून हाक आली.
हो, म्हटलं.
आहे.