पंच नंबर दोन

माझं नाव डोमाजी काळबांडे, धंदा पानठेला,
सिव्हिल लाइन्स, कोर्टाच्या मागल्या फाटकापाशी.
खर्रा घोटतो आन सह्या करतो.
सही आधी, घटना मंग.

हवालदार कोरा कागद ठेवते सुपारीच्या डब्यावर,
म्हन्ते, "डोमाजीभाऊ, इथं."
मी इथं करतो.
पंधरा वर्सांत किती झडत्या पाह्यल्या मी
ह्या एकाच इस्टुलावर बसून!
कोनाच्या पलंगाखाली गांजा, कोनाच्या कनगीत मंगळसूत्र,
हिंगण्याले, गोधनीले, पार कामठीपावेतो,
समदं माझ्यासमक्ष.

त्या दिवशी मे महिना. कूलर निसता आवाज करे,
पानी नव्हतं त्यात.
सरकारी वकिलानं लाखेचं सील फोडलं.
"हेच का ते धारदार शस्त्र?"
मी पाठ केलेलं म्हटलं:
होय, हेच ते, आरोपी सुखराम सोनेकर यानं
राजीखुशीनं, पाचपावलीच्या पुलाखालून काढून देल्लं.

आन मंग पाह्यलं त्याच्याकडं.
पयल्यांदाच पाह्यलं.

रापी होती, राजेहो.
चांभाराची रापी. मूठ घामानं काळी,
पातं एका अंगानं झिजलेलं,
शेकड्यानं तळवे कापून कापून.
ठेल्यापासून वीस पावलांवर बसे सुखराम.
मागल्या पोळ्याले त्यानं माझ्या चपलेचा अंगठा बदलला,
पैसे नाई घेतले, एक खर्रा घेतला.
तेच चप्पल घालून मी पिंजऱ्यात उभा.

शाहीन वकीलबाईनं इचारलं,
"पंचसाहेब, या वस्तूचं नाव काय?"

जजसाहेबाले ठावं नव्हतं. सरकारी वकिलाले नव्हतं.
स्टेनोबाईची बोटं हवेत.
सुखराम सांगाले उठला, त्याले दटावून बसवलं.
पंख्याखाली येवढी मानसं,
आन त्या पात्याले नावानं वळखनारे दोघंच,
एक आरोपी, एक मी.
मी म्हटलं, "शस्त्र."

रातच्याले शिरस्तेदारकाका आले खर्रा घ्याले, रिटायर मानूस.
म्हने, "बापाच्या वेळेले कोर्टात असेसर बसत, गावातलेच.
साहेब त्याहीचं ऐके, आन लिहे आपलंच.
मुंबईकडं तर म्हन्ते ज्युरी होती, तिचा शब्द चाले.
मंग तेही गेलं. तेही गेलं, हेही गेलं.
आता पंच म्हन्जे तू."
आन हासले. दात नव्हते त्याहीले.

पाचामुखी परमेश्वर म्हन्तो आपन.
मी त्या पाचांले बसवून पाह्यलं डोक्यात:
हंसापुरीची एक कोष्टीन,
मिल बंद पडल्यावर घरी बसलेला जॉबर,
जरीपटक्याचा सिंधी कापडवाला,
नळ दुरुस्त करनारा, शाळेतली बाई.
कोनीतरी म्हटलं असतं का नाई,
"अहो, हे तर रापी हाये, ह्यानं मानूस कापाचा म्हटलं
तर अख्खी रात लागन"?

म्हटलं असतं.
का नसतंही म्हटलं. पाचही जन चांभार म्हटल्यावर
नाक मुरडून बसले असते तर?
पाचांतला एक मीच असतो तर?
पन पाचांच्या सह्या घ्याले हवालदाराले
पाच ठेले फिरा लागले असते.
येवढा तरी येळ सुखरामले भेटला असता.

निकालाची तारीख एकवीस.
फैसला एकट्याच्या पेनात,
आन त्या पेनात शाई माझी.

आज सकाळी हवालदार आला. कोरा कागद.
म्हटलं, "काय सापडलं ते दाखवा आधी."
तो लय हासला. "बे डोमाजी, ऊन लागलं का तुले? खर्रा दे."
देल्ला.
कागद तसाच हाये डब्याखाली दाबून,
वाऱ्यानं उडू नाई म्हून.
का उडावा म्हून, दोनदा डबा उचलला मी
आन दोनदा ठेवला.